सातासमुद्रापलीकडची करी

पाककृती हा शाळेच्या वार्षिकांकातील लेखाचा विषय व्हावा की नाही, ह्याविषयी मतभेद होऊ शकतील. त्यातून ती पाककृती मटणाची असेल, तर ज्यांच्या घरी सामिष शिजत नाही त्या वाचकांनी पान उलटून पुढे जावे, हेही साहजिकच. त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी थोडा वेळ थांबावे. टोपात जे शिजते ते सर्वांना चालेलच असे नाही. परंतु ते टोपापर्यंत कसे येऊन पोहोचले, ती हकीकत ऐकावयास आहाराचा कोणताच नियम आड येत नाही.

ज्या पदार्थाविषयी मी लिहिणार आहे तो जमैका बेटावरील बोकडाच्या मटणाची करी. तिकडचे लोक तिला ‘करी गोट’ म्हणतात. आपण ‘मटणकरी’ म्हणतो, म्हणजे मटण आधी आणि करी मागून; त्यांच्या बोलीत करी पुढे आणि बोकड मागे. लग्न असो, वाढदिवस असो, गावची जत्रा असो, ह्या करीचा मोठा टोप चुलीवर चढल्यावाचून समारंभास शोभा येत नाही. एवढेच नव्हे, तर घरात मृत्यू झाल्यावर नऊ रात्री आप्तेष्ट जमून मृताची आठवण जागवतात, तेव्हाही आलेल्यांना हीच करी वाढण्याची तेथे चाल आहे. सुतकात चूल मंदावणाऱ्या आपल्या समाजाला हे विचित्र वाटेल. पण दुःखात एकटे राहू नये, ही भावना दोहोंकडे सारखीच.

भूगोलाच्या तासाला आपण कॅरिबियन समुद्रावरून बोट फिरवून पुढे जातो. क्युबाच्या दक्षिणेस जे लांबोळके बेट दिसते ते जमैका. क्षेत्रफळ सुमारे अकरा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या जवळजवळ तिप्पट. मध्ये उंच डोंगर, भोवती माड, केळी आणि उसाचे मळे. वाऱ्याच्या वेगाने धावणारा उसेन बोल्ट ह्याच बेटाचा सुपुत्र, हे आमच्या विद्यार्थ्यांना मी सांगावे लागत नाही. परंतु त्या बेटावर आपल्या देशातील हजारो माणसांच्या घामाची आणि अश्रूंची नोंद आहे, हे मात्र वर्गात फार थोड्यांना ठाऊक असते. मलाही ते नीटसे ठाऊक झाले ते एका मसाल्याच्या पुडीमुळे.

माझा धाकटा भाऊ प्रवासी जहाजावरील मुदपाकखान्यात काम करतो. आमच्याकडे अशा माणसाला ‘तारवटी’ म्हणतात, आणि गोव्यात क्वचितच असा वाडा असेल की जेथे एखादा तारवटी नाही. आठ-नऊ महिने समुद्रावर आणि दोन-तीन महिने घरी, असे त्याचे आयुष्य. त्याच्या जहाजावर जमैकाचा एक वृद्ध आचारी आहे. त्याचे पूर्वज आफ्रिकेतून साखळदंडांत आणले गेलेले. भारताशी त्याचे कसलेही नाते नाही. परंतु करी गोट त्याने आपल्या आजीकडून शिकली आणि ती त्याने माझ्या भावाला शिकवली. भावाने एकदा सहज म्हटले, की करी तर मूळची आमच्या देशाची. म्हातारा हसला आणि म्हणाला, की करी असेल तुमची. ही मात्र आमच्या आजीची. ह्या सुट्टीत भाऊ घरी आला तो त्या आजीच्या कृतीचा कागद, सुक्या मसाल्याची एक पुडी आणि मनात एक विचार घेऊन. विचाराविषयी मी पुढे लिहीन. आधी आजीची हकीकत.

त्या आजीला करी कोणी दिली? ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी १ ऑगस्ट १८३४ रोजी कायद्याने संपली. ‘उमेदवारी’च्या नावाखाली आणखी चार वर्षे सक्तीची मजुरी चालली आणि १८३८ साली गुलाम खरोखर मुक्त झाले. ज्या मळ्यांत पिढ्यान्पिढ्या चाबूक खाल्ला, तेथे पुन्हा राबावयास ते नाखूष असणे स्वाभाविकच होते. मळेवाल्यांना स्वस्त हात हवे होते आणि ते त्यांनी हिंदुस्थानातून मागवले. १० मे १८४५ रोजी ओल्ड हार्बर बे ह्या बंदरात हिंदी मजुरांचे पहिले जहाज लागले. तेव्हापासून १९१७ पर्यंत सुमारे ३६,००० माणसे अशा रीतीने जमैकात नेली गेली. कराराला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा अपभ्रंश होऊन ‘गिरमिट’ झाला आणि ही माणसे ‘गिरमिटिया’ ठरली. त्यांतील बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश व बिहार ह्या भागांतील, भोजपुरी-अवधी बोलणारी, कलकत्त्याच्या बंदरातून चढलेली. आपल्या मुलखाची माणसे त्यांत नव्हती म्हटले तरी चालेल. परंतु ही प्रथा मोडून काढण्याच्या प्रयत्नांत आपल्या मुलखाच्या एका सुपुत्राचा वाटा मोठा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी १९१० साली नाताळकडे होणारी अशी मजूरभरती बंद करण्याचा ठराव मध्यवर्ती कायदेमंडळात मांडला आणि तो संमत करून घेतला. १९१२ साली त्यांनी ही पद्धतच समूळ नष्ट करावी असा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. १९१५ मध्ये गोखले वारले. १९१७ मध्ये भरती थांबली. पेरणाऱ्याला पीक पाहावयास मिळाले नाही.

कलकत्त्याहून निघालेले जहाज आफ्रिकेला वळसा घालून वेस्ट इंडीजला पोहोचावयास महिनेच्या महिने लागत. जाणाऱ्याजवळ एखादे गाठोडे. त्यात काय मावणार? घर मावत नाही, शेत मावत नाही, विहीर मावत नाही. हाताला लागलेले वळण मात्र गाठोड्यावाचून जाते. मसाला तेलात कधी टाकावा आणि पाण्यात कधी, हे ज्या हाताला माहीत असते तो हात ते कोठल्याही किनाऱ्यावर विसरत नाही. तो हात जमैकात उतरला तेव्हा तेथे डोंगरउतारांवर बकऱ्या चरत होत्या. त्या स्पॅनिश लोकांनी पूर्वीच आणल्या होत्या. रानात एक सुगंधी झाड होते, परसात झणझणीत मिरची होती. घरच्या वस्तू नव्हत्या म्हणून तो हात थांबला नाही. समोर होत्या त्या त्याने घेतल्या. आणि शेजारच्या झोपडीतून, कालपरवापर्यंत गुलाम असलेल्यांच्या मुली हे पाहत होत्या. त्या म्हाताऱ्या आचाऱ्याच्या आजीची आजी त्यांत असेल, अशी माझी आपली कल्पना आहे.

आता आमच्या स्वयंपाकघरात येऊ. श्रावण नव्हता, रविवार होता आणि भाऊ घरी होता. आदल्या दिवशीच संध्याकाळी त्याने हाडांसकट दोन किलो मटण आणून ठेवले. हाडे हवीतच, असा कागदावर दंडक होता. जमैकात समारंभासाठी जून बोकड पसंत करतात. कोवळ्या मांसाला ती उग्र चव येत नाही आणि तासन्‌तासांचा विस्तव ते सोसतही नाही. लिंबाच्या रसाने मटण धुतले. मग मसाल्याची पूड. जमैकाच्या करीच्या पुडीचा रंग आपल्या मसाल्यासारखा तांबडा नसून पिवळा असतो, कारण तीत हळद सढळ हाताने घालतात. बरोबर धने, जिरे, मेथी आणि आले. लाल तिखट तीत जवळजवळ नसतेच. तिखटपणाची जबाबदारी दुसऱ्यावर सोपवलेली असते, ती पुढे कळेल. आम्ही पूड घरीच केली. अर्धी पूड मटणाला चोळावयाची, अर्धी तेलासाठी राखून ठेवावयाची. चोळताना सोबत ठेचलेला लसूण, आले, कांदा, चिरलेली कांद्याची पात आणि मीठ.

येथे भावाने पुडी सोडली. तीत दोन जिनसा होत्या. पहिली म्हणजे मिऱ्याहून थोडे टपोरे, तपकिरी, गोल दाणे. आईने चार दाणे तळहातावर चुरडून हुंगले. ती म्हणाली लवंग. मग म्हणाली दालचिनी. मग थोडे थांबून म्हणाली जायफळ. तिचे तिन्ही निदान बरोबर होते. हे ऑलस्पाइसचे दाणे. एका दाण्यात सर्व मसाल्यांचा वास, म्हणून इंग्रजांनी तसे नाव ठेवले. स्पॅनिशांना ती मिरी वाटली म्हणून त्यांनी मिरीचे नाव दिले आणि जमैकात आजही तिला ‘पिमेंटो’ म्हणतात. हे झाड मूळचे त्याच भागातले. दुसरी जिन्नस थाइम नावाची सुकी पाने. ती नाकाशी नेताच आई क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली, ‘हा तर ओवा!’ आईने रसायनशास्त्राचे पुस्तक उघडलेले नाही. परंतु ओव्याला आणि थाइमला वास देणारे मुख्य द्रव्य एकच आहे आणि त्याचे ‘थायमॉल’ हे नावही थाइमवरूनच पडले आहे. आमच्या अंगणात तुळशीच्या बाजूला जाड, लवदार पानांचा जो पानओवा आहे, तोच कॅरिबियन बेटांवरही परसात लावतात आणि थाइमचाच एक प्रकार म्हणून ओळखतात. आईने त्याची दोन पाने खुडून आणली आणि काही न बोलता मटणात टाकली. कागदावर ती नव्हती. भावानेही हरकत घेतली नाही.

मटण रात्रभर मुरले. सकाळी जाड बुडाचा टोप चढवला. जमैकात ह्यासाठी जड, झाकणाचे भांडे वापरतात. तेल चांगले तापले की राखून ठेवलेली पूड त्यात टाकावयाची. ह्या क्रियेला त्यांच्या बोलीत ‘करी जाळणे’ म्हणतात. नावाने घाबरण्याचे कारण नाही. जाळावयाची नसते, जळण्याच्या उंबरठ्यापर्यंत न्यावयाची असते. पिवळा रंग गडद सोनेरी झाला, कच्चा वास जाऊन खमंग वास सुटला, की तोच क्षण. पाव मिनिट उशीर झाला तर कडू. ह्यामागचे कारण साधे आहे. हळदीचा रंग आणि मसाल्यांचा सुवास देणारी द्रव्ये बहुतांशी तेलात विरघळतात, पाण्यात नव्हे. पाण्याने ती झोपतात, तेलाने जागी होतात. आपण फोडणीत रोज हेच करतो. गंगाकाठच्या कोण्या बाईने हजारो कोसांवर जाऊन हीच फोडणी दिली. फक्त तिचे नाव बदलले.

मग मटण घालून मोठ्या आचेवर परतावयाचे. प्रत्येक तुकड्याला रंग चढला की आच मंद. मटणाला स्वतःचे पाणी सुटते. ते आटत आले की थोडे गरम पाणी, पुन्हा आटले की पुन्हा थोडे. एकदम भांडेभर पाणी ओतावयाचे नाही. नाहीतर मटण उकडते, शिजत नाही, असे भाऊ बजावून सांगत होता. झाकण ठेवावयाचे आणि वाट पाहावयाची. अडीच तास, तीन तास. जून बोकड असेल तर त्याहूनही अधिक. आईने कुकर सुचवला. पाच शिट्ट्यांत होईल म्हणाली. होईल खरेच. परंतु कुकरात मटण मऊ होते तेवढेच. रस भांड्यात हळूहळू आटून दाट होण्याची क्रिया शिट्टीने साधत नाही. हाडांच्या आणि स्नायूंच्या सांध्यांत जो चिवट भाग असतो, त्याचे मंद उष्णतेने तासन्‌तासांत सरसरीत द्रव्य बनते. तेच रश्शाला अंग देते. चिवटपणा टाकून द्यावयाचा नसतो. त्याला वेळ दिला की तोच गोडी होतो.

ह्या तीन तासांत भावाने आपला विचार बोलून दाखवला. त्याला परदेशी स्थायिक व्हावयाचे आहे. आमच्या पिढीतल्या कितीतरी गोवेकरांनी तसे केले आहे. त्यात नवल नाही. बायकोला न्यावे, मुलीला तेथील शाळेत घालावे, वर्षातले नऊ महिने समुद्रावर काढणे संपवावे. मुलगी सहा वर्षांची आहे, आमच्याच शाळेत पहिलीत जाते. बापाला ती फोनवरच्या चित्रात पाहून पाहून ओळखते. ह्यावर मी काय बोलणार? त्याचे म्हणणे अगदी न्याय्य होते. आई टोपाकडे पाहत म्हणाली, ‘हें आमचें न्हय.’ हे आपले नव्हे. ती करीविषयी बोलत होती की आणखी कशाविषयी, ते मी विचारले नाही.

मी भाषा शिकवते. घरी कोकणी बोलते, शाळेत मराठी शिकवते, आणि ह्या दोन्ही भाषा मला दोन डोळ्यांसारख्या आहेत. म्हणून टोपाजवळ बसून जमैकाच्या त्या छत्तीस हजारांचा विचार करताना माझ्या मनाला एक गोष्ट बोचत राहिली. त्यांतील बहुतेक परतले नाहीत. त्यांची मुले इंग्रजी शाळांत शिकली, अनेकांची नावे बदलली, आणि भोजपुरी दैनंदिन व्यवहारातून जवळजवळ लोपली. ज्या आयांनी करी जाळावयास शिकवली, त्यांनी अंगाईगीतेही गायिली असणारच. करी राहिली, गीते गेली. असे का व्हावे? माझ्या बुद्धीला सुचलेले कारण असे, की करी त्यांनी शेजाऱ्याला वाढली. गाणी घरातल्या घरात राहिली, आणि घर विखुरले तेव्हा त्यांना आसरा उरला नाही. जे स्वतःपुरते जपले ते एका पिढीच्या आयुष्याइतकेच टिकले; जे दुसऱ्याला देऊन टाकले, ते त्या दुसऱ्याच्या नातवंडांनी सांभाळले. आज जमैकात हिंदी वंशाचे लोक लोकसंख्येच्या मानाने अगदी थोडे. परंतु करी गोट साऱ्या बेटाची. ६ ऑगस्ट १९६२ रोजी जमैका स्वतंत्र झाले तेव्हा त्या राष्ट्राने, अनेकांतून एक जनता, अशा अर्थाचे ब्रीद स्वीकारले. ह्या ब्रीदाचा अर्थ मला तरी त्या टोपाने अधिक चांगला समजावला. १९९५ पासून तेथे १० मे हा दिवस भारतीय वारसा दिन म्हणून पाळला जातो, हेही येथे सांगावयास हवे.

दोन तास झाल्यावर बटाटे घालावयाचे होते. सोलून मोठ्या फोडी केल्या. भाची शेजारी येऊन बसली होती; अक्षरे लावून वाचण्याची तिला नुकतीच गोडी लागली आहे. बटाटा हा शब्द कोठून आला, असे मी तिला सांगू लागले आणि सांगता सांगता माझ्याच मनातले ओझे थोडे हलके झाले. कोलंबस १४९४ मध्ये जमैकाच्या किनाऱ्याला लागला, तेव्हा त्या बेटावर आणि आसपासच्या बेटांवर ताइनो नावाचे लोक राहत होते. एका गोड कंदाला ते ‘बटाटा’ म्हणत. तो आजचे रताळे. तो शब्द स्पॅनिशांनी उचलला, त्यांच्याकडून पोर्तुगीजांनी घेतला, पुढे दुसऱ्याच एका कंदाला तो चिकटला आणि पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्यात उतरून कोकणी-मराठीत कायमचा राहिला. ताइनो लोक मात्र रोगराईने आणि सक्तीच्या कष्टांनी काही दशकांतच जवळजवळ नाहीसे झाले. त्यांची भाषा आज कोणी घरात बोलत नाही. परंतु आमच्या गावच्या बाजारात भाजीवाली सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो शब्द पुकारत असते. तेव्हा, चव टिकते आणि भाषा मरते असे मी जे धरून चालले होते, ते तितकेसे खरे नव्हते. शब्दही टिकतात, तेही, कोणीतरी परक्याने आपल्या तोंडात घेतले म्हणून.

बटाट्यांबरोबरच जमैकाची मिरची घालतात. स्कॉटलंडमधील टोपीसारखा तिचा आकार, म्हणून तिला ‘स्कॉच बॉनेट’ म्हणतात. ती अतिशय तिखट असते. पण कापावयाची नाही, ठेचावयाची नाही. देठासह अखंड, रश्श्यावर अलगद ठेवावयाची आणि ढवळताना तिला धक्का लागू द्यावयाचा नाही. फुटली नाही तर नुसता सुगंध देते. फुटली तर सर्वांना रडवते. ती आपल्याकडे मिळत नाही. आम्ही परसातल्या दोन जाड हिरव्या मिरच्या तशाच अखंड ठेवल्या. तो फळासारखा सुगंध त्यांना अर्थातच नाही. तरी परक्या त्याही नव्हत्या. मिरची आपल्या देशाला मिळाली तीच अमेरिका खंडाकडून, सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांच्या हातून. त्यापूर्वी आपले पूर्वज तिखटासाठी मिऱ्यावर अवलंबून होते. मिरचीवाचून आमच्या हुमणाची आज कल्पनाही करवत नाही, आणि तरी ती पाहुणीच.

जमैकात ही करी साध्या भाताबरोबर, रोटीबरोबर किंवा ‘राइस अँड पीज’बरोबर खातात. नावात पीज म्हणजे वाटाणे असले तरी त्यात राजमा असतो, आणि नाताळच्या सुमारास ‘गुंगो पीज’. हे गुंगो म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपली तूर. ती मूळची भारतातली. आफ्रिकेतून जमैकात गेली आणि काँगोच्या नावाने तेथे ओळखली जाऊ लागली. हा भात ते नारळाच्या दुधात शिजवतात. हे कागदावर वाचून दाखवताच आई उठली. इतका वेळ ती भिंतीला टेकून बसली होती. ‘नारळ भातात घालतात, आणि मटणात नाही?’ तिने विचारले. आमच्याकडे नेमके उलटे: मटणाला भाजलेल्या नारळाचे वाटण, भात कोरा. तिने नारळ फोडला, रस काढला आणि तूर घालून भात तिने स्वतः केला. कागद तिने मागितला नाही.

दुपारी दीड वाजता पाने मांडली. बटाट्यांच्या कडा विरघळून रसा दाट झाला होता. मटण हाडापासून बोटाने सुटत होते. हळदीचा रंग वाटीच्या काठाला चढला होता. पहिल्या घासाला हळद आणि आले, मग मागून हळूच तो लवंगेसारखा, दालचिनीसारखा वास, आणि अगदी शेवटी ओव्याची झुळूक. मसाले आपले, तरी चव ओळखीची नव्हती. चव ओळखीची नव्हती, तरी परकी वाटली नाही. वर्षानुवर्षे परगावी राहिलेला नातेवाईक दारात उभा राहावा, त्याचे बोलणे बदललेले असावे, परंतु भुवई उडवण्याची लकब आजोबांची असावी, तसे काहीसे. भाची दोनदा मागून जेवली. आई पुष्कळ वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘सोय ना, पूण रूच आसा.’ ‘सोय’ म्हणजे आमच्या कोकणीत खवलेला नारळ. खोबरे नाही, पण चव आहे. आमच्या घरात ह्याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणाला मिळाल्याचे मला स्मरत नाही.

भावाचा बेत अजून ठरलेला नाही. तो जाईल किंवा न जाईल. मी त्याला थांबवणार नाही, आणि थांबवण्याचा मला अधिकारही नाही. पोटासाठी समुद्र ओलांडणारा तो पहिला नव्हे. फरक इतकाच, की तो स्वतःच्या इच्छेने जाईल. ते गिरमिटिये पुष्कळदा फसवून नेलेले होते, हा फरक लहान नव्हे. मी मात्र एक काम केले आहे. त्या संध्याकाळी मी भाचीसाठी एक कोरी वही काढली आणि पहिल्या पानावर ही करी मराठीत लिहिली. दुसऱ्या पानावर आईचे हुमण, आईच्याच शब्दांत, कोकणीत. खाली थोडी जागा सोडली आहे. तेथे तिच्या अक्षरांत काय येईल ते मी आज सांगू शकत नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कितीतरी जण उद्या ह्या गावाबाहेर जाल. कोणी पुण्या-मुंबईला, कोणी आखाती देशांत, कोणी जहाजावर. जाताना, आपले आहे ते कुलूप लावून जपा, असे मी तुम्हांला सांगणार नाही. ज्या गावात राहाल तेथील रानात काय उगवते ते पाहा आणि ते आपल्या भांड्यात घ्या. शेजाऱ्याला घरी बोलवा, त्याला आपले अन्न वाढा, आणि वाढताना त्या अन्नाचे नाव आपल्या भाषेत सांगा. त्याने ते चुकीचे उच्चारले तर हसू नका. आपण तरी ताइनो लोकांचा बटाटा कोठे नीट उच्चारतो? परंतु घरी, आपल्या मुलांशी बोलताना, आपली वाक्ये पूर्ण करा. शब्द एकटे प्रवास करू शकतात, पदार्थही करतात. वाक्याला मात्र बोलणारा आणि ऐकणारा अशी दोन माणसे लागतात, आणि ती दोन्ही माणसे पुष्कळदा एकाच चुलीजवळ बसलेली असतात.